खड्ड्यातली माती

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या फाईलसाठी कोर्स आउटकमची अटेनमेंट, म्हणजे ठरवलेलं मुलं कितपत शिकली याची पातळी, भरत होते. पेपरातले गुण एक्सेलमध्ये टाकायचे. आमच्या कॉलेजात ६० टक्के मुलांना ६० च्या वर गुण असले की पातळी ३, सगळ्यात वरची. प्रकाशसंश्लेषणाला माझी ३ आली. फीडबॅकही 'मॅडम छान शिकवतात' असाच.

हीच मुलं आता दुसऱ्या वर्षाला. प्रॅक्टिकलला सहज विचारलं, "हापूसच्या कलमाचं एवढं लाकूड येतं कुठून? चिठ्ठीवर लिहा, नाव नको." ४१ चिठ्ठ्या आल्या. ३३ जणांनी माती आणि खत लिहिलं होतं, सहा जणांनी पाणी. हवा म्हणणारे दोघेच. पेपरात समीकरण मात्र जवळजवळ सगळ्यांनी बिनचूक लिहिलं होतं, कार्बन डायऑक्साइडच्या सहा रेणूंसकट. मला फार लागलं ते.

पण मुलं मूर्खासारखं बोलत नव्हती. रत्नागिरीच्या कातळावर बाग करायची तर सुरुंग लावून खड्डे पाडावे लागतात. एक मुलगा म्हणाला, "बाबांनी ट्रकने माती विकत आणून खड्डे भरले, मॅडम. मातीशिवाय कलम झालं असतं का?"

मी विचारलं, "कलम एवढं वाढलं, मग खड्डा किती खचला?"

तो गप्प. मग म्हणाला, "खचला नाही. पालापाचोळ्याने उलट वर आलाय."

तेव्हा व्हॅन हेल्मोंट या जुन्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. त्याचं लेखन छापलं गेलं १६४८ साली. कुंडीत २०० पौंड कोरडी माती, त्यात वाळुंजाचं रोप. पाच वर्षांत झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती घटली दोनेक औंस. त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं. वाळलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो आणि तो हवेतून येतो, हे त्यालाही सुचलं नव्हतं.

चिठ्ठ्या घेऊन आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, सहकाऱ्यांकडे गेले. "याला रकाना नाही हो. पुराव्याला गुण आहेत ना?" आहेत. पण आपण विचारलं तेवढंच गुणांत दिसतं. समीकरण तपासायला सोपं, म्हणून समीकरण विचारलं. तो पेपर मीच काढला होता. माणसं कामाची आहेत, पण फाईल पुरी झाली की शिकवणं पुरं झालं असं त्यांना मनापासून वाटतं, याचा मला राग येतो.

तीन आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा दिला. २४ चिठ्ठ्यांवर हवा. एका चिठ्ठीवर उत्तरच नाही, नुसता प्रश्न: 'लाकूड हवेतून येतं, तर आम्ही दर पावसाळ्यात आळ्यात खत कशाला घालतो?'

ती चिठ्ठी बरोबरमध्ये मोजू की चुकीमध्ये, अजून ठरत नाही. पुढचा तास मी तिथूनच सुरू केला.