थोट्या बोटाचा चेंडू

आमच्या शाळेत बेसबॉल सुरू झाला तो क्रिकेटच्या संघात न बसलेल्या पोरांना काहीतरी द्यावं म्हणून. खानापूर तालुक्यातलं गाव. चेंडू फेकणाऱ्याचा, म्हणजे पिचरचा, माउंड हा लाल माती पाणी मारून चोपलेला वीतभर उंचवटा.

नववीतला हा पोरगा त्यावर पहिल्यांदा चढला तेव्हा मीच त्याला खाली उतरवलं. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून नाही, पाचवीत असताना कडबाकुट्टीत गेलेली. चेंडू सुटताना शेवटचा झटका तर्जनी आणि मधलं बोट मिळून देतात. त्यातलं एक नसेल तर चेंडू हातात राहणार कसा, हा माझा हिशेब. त्याला आउटफिल्डला, म्हणजे लांब क्षेत्ररक्षणाला धाडला. तो काही बोलला नाही. पुढं त्याच्या बापाकडून कळलं, की तो रोज गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढून चेंडू मारत असतो. "म्हशी बिथरतात की हो सर!"

संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी पिचरचे चेंडू झेलणारा आमचा कॅचर तापानं आडवा झाला. मुखवटा चढवून मीच खाली बसलो. चाळिशीनंतर ते बसणं काय असतं ते गुडघ्यांना विचारा. बाकीच्यांचं झालं तसा हा पुढं आला.

"सर, पाच टाकतो की."

पहिला चेंडू छातीवर येतोय असं वाटून ग्लोव्ह वर धरला. अंतर 60 फूट 6 इंच, क्रिकेटच्या पिचपेक्षा साडेपाच फूट कमी, विचाराला वेळच नसतो. चेंडू अगदी जवळ येऊन खाली बसला आणि मांडीवर सणकून लागला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मात्र मी ग्लोव्ह आधीच खाली नेला.

उठून त्याची पकड बघितली. मधलं बोट शिवणीवर, थोटं टोक बाजूला टेकलेलं, त्यावर चांगला घट्टा. चेंडू मधल्या बोटावरून गिरकी घेत सुटत होता. असा पुढच्या बाजूला फिरत येणारा चेंडू हवा खाली दाबते. हे वळण दोन्ही बोटं शाबूत असलेल्यांना शिकवताना माझा घसा बसलाय.

अमेरिकेतल्या इंडियानाचा मॉर्डेकाय ब्राउन मला वाचून माहीत होता. लहानपणी त्याचीही तर्जनी वैरण कापायच्या यंत्रातच गेली. पुढं शिकागो कब्ज या संघाबरोबर त्यानं 1907 आणि 1908 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकलं, पिचर म्हणून 239 विजय त्याच्या नावावर आहेत. लोक त्याला 'थ्री फिंगर' म्हणायचे. तसाच हात समोर आला तेव्हा मात्र मला तो आठवला नाही, आठवली ती आउटफिल्ड. मांडीपेक्षा हेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी निवडीला आलेल्या सरांनी त्याचा हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी कॅचरचा मुखवटा त्यांच्यापुढं धरला.

"बसा की सर खाली. पाचच चेंडू."