माप घ्यायला स्वतःच का येता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इथं बेळगावात टिळकवाडीतल्या ताई विचारतात, हिंडलग्याचे काका विचारतात, परवा एका आर्किटेक्टच्या असिस्टंटनंही विचारलं, "मेस्त्री, किचनचं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलंय की, मग माप घ्यायला स्वतः कशाला येता? तेही तीन-तीनदा?" सूर असा, की या माणसाला एक तर कामं नाहीत, नाही तर कुणावर विश्वास नाही.

कामं आहेत. विश्वासाचं बोलू.

१९९८ साली सावंतवाडीकडून आंबोली घाट चढून आलो, तो रोजंदारीवर. तेव्हा किचन घरातच बनायचं. प्लायच्या आठ बाय चारच्या शीटा जिन्यावरून चढवायच्या, हॉलमध्ये कापायच्या, भिंत वाकडी निघाली तर रंध्याचे चार हात मारायचे. २०१० मध्ये उद्यमबागेत शेड घेतलं, कर्जावर पॅनल सॉ आणि एज बँडिंगचं मशीन आणलं, आणि मेस्त्रीचा मॉड्युलर किचनवाला झालो. आता कपाटांचे खोके शेडमध्येच कडेची पट्टी लागून तयार होतात. साइटवर त्यांना रंधा लावता येत नाही.

पहिलं मोठं काम खानापूर रोडला. मालक निवृत्त मास्तर, मराठीच. त्यांच्या इंजिनिअरचं छापील ड्रॉइंग आलं, भिंत ते भिंत दहा फूट. त्यावरून मी माल कापला. चूक कुणाची ते आधीच सांगतो. ते माप विटेपासून विटेपर्यंतचं होतं. वर दोन्हीकडून प्लास्टर चढतं, त्यावर सिमेंट, त्यावर टाइल. हे कागदावर लिहायला हवं होतं, लिहिलं नव्हतं. म्हणजे चूक इंजिनिअरची.

कित्येक वर्षं मी हे एवढंच सांगायचो. पुढचं असं, की टाइल लागल्यावर मी तिथं एकदा जाऊन आलो होतो. टेप खिशात होता. काढला नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद, आणि कंपनीवाले काही भिंती मोजत बसत नाहीत अशी माझी समजूत. (बसतात. लेझर घेऊन येतात. नंतर कळलं.)

वास्तुशांतीला दोन दिवस असताना फिटिंग सुरू केलं. पाचांतले चार खोके बसले, पाणसळीत बुडबुडा मधोमध. पाचवा, चोवीस इंची, कोपऱ्यातला. मी आणि पोऱ्यानं उचलून आणला तो टाइलला थडकला. "तिरका करून घालूया," पोऱ्या म्हणाला. एका हातानं टेप लावला. दोन इंच दोन सूत कमी. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) दोन सूत असतं तर कुठंतरी मारून नेलं असतं. दोन इंच कुठं लपवणार? खोका खाली ठेवायला मन होईना. ठेवला की चूक कबूल, असं काहीतरी डोक्यात. हात भरून आले तरी तसाच उभा. मास्तर दारात आले.

"काय झालं?"

"भिंत आत आलीय," मी म्हणालो. शपथेवर सांगतो, हेच शब्द.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "घाटाखालची माणसं ही. उद्या गाडीत बसून गेली, तर शोधायचं कुठं?"

माझं रेशनकार्ड इथलं, पोरगी इथल्या शाळेत. बाजारात "निम्म ऊर याव्दरी?", तुमचं गाव कुठलं, असं कन्नडमध्ये विचारतात त्याचं काही वाटत नाही, ती बोलण्याची रीत आहे. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, त्यात तुम्ही कुठल्या बाजूचे, हेही विचारून झालंय लोकांचं. हे मात्र माझ्याच भाषेत आलं, आणि लागलं.

त्या संध्याकाळी एका कन्नड प्लायवाल्यानं माल उधार दिला. "तगोंड होग्री, आमेल कोड्री." घेऊन जा, मग द्या. यातून काही मोठा अर्थ काढू नका, व्याज त्यानं लावलंच. बाजू तेवढ्या जुन्या ठेवल्या. तळ, माथा, फळी, पाठ, दारं सगळं नवं. सनमायक्याचा नंबर तोच, पण लॉट वेगळा, रंग किंचित पिवळट. वास्तुशांतीच्या पहाटे बसवलं. मास्तरांनी पैसे पूर्ण दिले. मला त्यात काही उरलं नाही.

तर, पहिल्यांदा येतो प्लास्टरआधी, नळ-लाइटचे पॉइंट बघायला. दुसऱ्यांदा टाइल आणि ओट्याचा ग्रॅनाइट लागल्यावर. तेव्हा वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेतो, सगळ्यात लहान ते धरतो. तीन फूट, चार फूट खुणा करून कर्ण पाच भरतो का बघतो, म्हणजे गुण्या, कोपरा काटकोनात आहे का ते, कळतो. हे धंद्याचं झालं. तिसऱ्यांदा कशाला, तर मापाची खात्री, असं मी सांगतो. बायको म्हणते, तुम्ही तोंड दाखवायला जाता, पळून गेलो नाही म्हणून. तिला मी नाही म्हणतो. पण तिसऱ्या खेपेला माप बदललेलं आजवर एकदाही निघालेलं नाही.

गेल्या महिन्यात मास्तरांकडे बिजागरी बदलायला गेलो. मास्तर आता थकलेत. "या, मेस्त्री," म्हणाले, वहिनींनी चहा केला. कोपऱ्यातल्या पिवळट दारावर कॅलेंडर टांगलंय. त्या आत गेल्यावर मी टेप लावून बघितला. एकवीस इंच सहा सूत.