जिना बाहेरून का?

लग्नकार्यात कुणीतरी हमखास गाठतं. "तुमच्या नानांनी प्लॅन काढलेलं घर घेतलंय आम्ही. हवेशीर आहे, सगळं छान, पण जिना बाहेरून का हो? पावसाळ्यात छत्री घेऊन वर जायचं?" नाना म्हणजे माझे वडील. सांगलीत आयुष्यभर त्यांनी घरं काढली आणि त्यातल्या बहुतेकांना जिना बाहेरून आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: भावाभावांमुळे.

2019 पासून काही जण उत्तर घेऊनच येतात. "पुराचा विचार केला असणार त्यांनी!" त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. तळमजले बुडाले आणि वर अडकलेली माणसं बाहेरच्या जिन्यावरून थेट बोटीत उतरली. हे श्रेय नानांच्या पदरात टाकायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. पुरासाठी त्यांनी उचललं ते जोतं. नवा प्लॉट बघायला गेले की आधी शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, "पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवायचा, नाना त्याच्या वर जोतं धरायचे. 2019 चा पूर त्यांनी पाहिला नाही हे बरंच झालं. त्यांची जोतीही त्यात गेली.

जिन्याचा हिशोब वेगळा. जे.जे.चा डिप्लोमा घेऊन ते मुंबईहून परतले, तेव्हा इथे आर्किटेक्ट म्हणजे नगरपालिकेतून प्लॅन पास करून देणारा माणूस. लोक यायचे ते एक कागद काढून घ्यायला. नाना मात्र तासभर घरातल्या माणसांबद्दल विचारत बसायचे. मुलं किती, थोरल्याचं दुकान कुणाच्या नावावर, धाकटी सून नोकरी करते का. समोरच्याला वाटायचं, स्थळ बघायला आलेत की काय!

गणपती पेठेतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांचं घर मला चांगलं आठवतं. तीन मुलगे. शेठजी म्हणाले, "जिना आतून घ्या. आमच्यात वाटण्या व्हायच्या नाहीत." नाना वाद घालत नसत. आतून जिना काढला. फक्त वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या कोऱ्या भिंतीत, साडेतीन फुटांची एक तुटक रेघ. त्यापुढे काही लिहिलेलं नाही. गवंड्याला तोंडी सांगितलं, इथं सात फुटांवर लिंटेल (दरवाजावर भिंत पेलणारी आडवी तुळई) टाकून ठेव, खाली वीट भरून घे. शेठजी गेले, पुढे व्हायचं ते झालं, आणि मधल्या मुलानं बाहेरून लोखंडी जिना चढवायचं ठरवलं. भिंत फोडायला घेतली तर दरवाजाच्या मापाचं लिंटेल आत तयार. वीट काढली, चौकट बसवली, वरच्या भिंतीला केसाएवढी चीर नाही. तो पेढे घेऊन घरी आला. वाटणीचे पेढे घ्यावेत की नाही यावरून आईची आणि नानांची जुंपली.

आमच्या घरात पडवीतच ऑफिस. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, आणि नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाचा तो डोळ्यांतून पाणी काढणारा वास. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं ती इतक्या हलक्या हातानं खरवडायचे की कागदाला पत्ता लागू नये. मग त्या जागेवर नखाची पाठ घासून कागद गुळगुळीत करायचे, नाहीतर पुढची शाई पसरते. हे मला आणि भावाला येतं, दुसरं काही नाही. रविवारी स्कूटरवर चौघं मिळून साइटवर. स्लॅबवर पाणी मारलंय का ते बघायचं, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगेत फूटपट्टी खुपसून खोली मोजायची, पायात मुरूम किती भरायचा ते ठरवायचं, आणि मग हरिपूरला संगमावर भडंग. आमची सहल ती हीच.

स्वयंपाकघराचा ओटा ते बाईला उभं करून, कोपरापासून टेप लावून ठरवत. सासू-सुनेच्या उंचीत फरक असला तर सुनेचं माप धरायचे: "पुढची तीस वर्षं तीच उभी राहणार." लोक याचं फार कौतुक करतात. पण त्या घरातल्या मुलाचं कोपर नानांनी कधी मोजलं नाही, हेही सांगायला हवं. आमच्याकडेही ओटा आईच्याच मापाचा.

फी वेळेवर मिळाली असं फार कमी वेळा झालं. वास्तुशांतीला टॉवेल-टोपी मात्र न चुकता. पुढे वास्तुशास्त्रवाले आले, संडास या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरू लागले, तेव्हा नाना फक्त पेन्सिलीनं प्लॅन काढायला लागले. "शाई वाया जाते," म्हणायचे.

मग लोकांचा पुढचा प्रश्न असतो, तुमच्या घराचं काय? आमचा जिना आतून आहे, थेट हॉलमधून. आईनं तसं मागितलं होतं. मुलं रात्री किती वाजता येतात ते तिला अंथरुणातून कळायला हवं होतं. भाऊ पुण्यात स्थायिक झाला, वरचा मजला रिकामा पडला. तो भाड्यानं द्यायचं ठरल्यावर मी आमच्या घराचं जुनं ट्रेसिंग काढलं आणि उत्तरेच्या भिंतीवर, पूर्वेच्या भिंतीवर, भिंग लावून तुटक रेघ शोधली. नाही. गवंड्यानं हातोडीनं भिंत वाजवूनही पाहिली. सलग वीट आहे म्हणाला, टेकू देऊन फोडावी लागेल, वरून लोखंडी चॅनेल घालू, खर्च येईल. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं मला, ठेवू का म्हणून. मीच नको म्हटलं." काम दिवाळीनंतर काढतोय.