आजींचं वय नंतर सांगा

नागपूरच्या मे महिन्यात कॅज्युअल्टीत 'ऊन लागलं' म्हणून कुणा म्हाताऱ्या माणसाला आणलं, की मी आधी हात धरून बघते. ऊन लागलेल्याचं अंग भाजत असतं. काटोलकडून आणलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या त्या आजींचे हात थंडगार आणि घामेजलेले होते. प्रेशर फार खाली, सकाळपासून लघवी नाही, बोलणं असंबद्ध. छातीत दुखलंच नव्हतं. नुसती उलटी आणि दम. ईसीजीत मोठा अटॅक निघाला. हृदय शरीराला पुरेल एवढं रक्त ढकलू शकत नव्हतं. हाच कार्डिओजेनिक शॉक. म्हातारपणी, त्यातही शुगर असली तर, अटॅक असा न दुखता येतो आणि ओळखण्यातच वेळ जातो.

मुलगा म्हणाला, "मॅडम, आता या वयात अँजिओग्राफी कशाला? सलाइन लावा ना." अशा हृदयावर सलाइनचा मारा केला तर फुप्फुसांत पाणी भरतं.

'या वयात कशाला' हे डॉक्टरही म्हणतात. 1999 साली 'शॉक ट्रायल', म्हणजे याच शॉकच्या रुग्णांवर उपचारांची तुलना करणारी चाचणी, प्रसिद्ध झाली. 302 रुग्ण होते. बंद रक्तवाहिनी तातडीने उघडल्याचा फायदा 75 च्या आतल्यांना दिसला, पुढच्यांना नाही. पण 75 आणि त्यापुढचे होते फक्त 56! त्यातही ज्यांच्या वाट्याला तातडीचा उपचार आला, त्यांची हृदयं मुळातच जास्त कमजोर होती. त्याच संशोधकांच्या ट्रायलबाहेरच्या नोंदींत, निवडून उपचार केलेले वृद्ध जास्त जगलेले दिसतात. तरी 75 ची रेघ डोक्यात बसली ती बसलीच. मला याचा राग येतो.

वय काहीच नाही, असं मी म्हणत नाही. या शॉकमध्ये सगळ्या वयांचे मिळून जवळपास निम्मे दगावतात, वृद्ध त्याहून जास्त. त्यांची किडनी लवकर हात टेकते, रक्तस्राव होतो, व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. म्हणून मी विचारते, परवापर्यंत कशा होत्या? या आजी बाजारात पायी जायच्या, नातवाचा डबा करायच्या.

नॉरअ‍ॅड्रेनलिन या प्रेशर वाढवणाऱ्या औषधावर प्रेशर चढलं, बोलणं ताळ्यावर आलं, तेव्हा त्यांनाच विचारलं. "कर वं माय, पण नरड्यात नळी नोको टाकू," म्हणाल्या. मुलगा गप्प झाला आणि सही केली. स्टेंट टाकला. त्या घरी गेल्या. जिना मात्र आता चढवत नाही.

गोंदिया, गडचिरोलीहून रुग्ण इथे पोचेपर्यंत किती वेळ गेलेला असतो, हे मी रोज बघते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक दम लागला, गार घाम सुटला, बोलणं भरकटलं, तर 108 ला फोन करा आणि जवळ जिथे होईल तिथे आधी ईसीजी काढून घ्या.