सात माणसांचं गाव

न्यू जर्सीत जमिनीचा एकही तुकडा बेवारशी नाही. सगळं राज्य 564 पालिकांत वाटून टाकलंय. सिटी म्हणा, बरो म्हणा, टाउनशिप म्हणा, कुणीतरी तुमच्याकडून कर गोळा करायला बसलेलं असतंच. आमचं एडिसन त्यातलंच एक. 1954 पर्यंत त्याचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं, मग मेन्लो पार्कच्या थॉमस एडिसनच्या नावानं बारसं झालं. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,07,588. भारतीय दुकानांनी भरलेल्या इथल्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी पार्किंगसाठी घिरट्या घालणारे यात धरलेले नाहीत, ते बरेचसे बाहेरगावचे.

त्याच जनगणनेत, त्याच राज्यात, आमच्यासारखीच आणखी एक टाउनशिप आहे: वॉलपॅक, ससेक्स काउंटी. लोकसंख्या 7.

क्षेत्रफळ म्हणाल तर फार फरक नाही. एडिसन तीसेक चौरस मैल, वॉलपॅक चोवीसेक. म्हणजे तिथे माणशी जवळपास साडेतीन चौरस मैल येतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "सात घरं म्हणजे वाडीच की."

"घरं नाही गं, माणसं."

"मग भांडतात कुणाशी?"

प्रश्न अगदीच अस्थानी नाही. टाउनशिप म्हटली की कारभार आला. इथल्या पद्धतीत तीन जणांची कमिटी निवडून द्यायची आणि त्या तिघांनी आपल्यातल्याच एकाला मेयर करायचं. म्हणजे सातातले तिघे सत्तेत. उरलेल्या चौघांत मतदार, विरोधी पक्ष आणि जनता जनार्दन, सगळं बसवायचं. बजेट करायचं, सभा घ्यायची, इतिवृत्त लिहायचं. यातलं काही माणसं कमी म्हणून माफ होत नाही. शेजारच्या सँडिस्टन टाउनशिपबरोबर शाळा एक आहे आणि तिच्या नावात वॉलपॅक अजून टिकून आहे. नावाला तरी.

हे गाव काल-परवाचं नव्हे. कागदोपत्री ते 1731 पासून भेटतं, म्हणजे अमेरिका हा देश व्हायच्या पंचेचाळीस वर्षं आधीपासून. 1798 साली राज्यानं पहिल्या 104 टाउनशिपना रीतसर मान्यता दिली, त्यातही हे आहे. एका बाजूला किटॅटिनीचा डोंगर, दुसरीकडे डेलावेअर नदी, मधून फ्लॅट ब्रूक नावाचा ओढा. ट्राउट माशासाठी गळ टाकणाऱ्यांची या ओढ्यावर फार श्रद्धा. खोऱ्यात मुळात लेनापे लोक राहत. त्यांना बाजूला सारत डच आणि इतर युरोपीय शेतकरी आले, नदीकाठच्या काळ्याभोर मातीत रमले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वस्ती सात-आठशे होती. पुढे तरुण पोरं बाहेर पडत गेली तशी ती रोडावली. इथवरची कथा कोणत्याही डोंगराळ तालुक्यात ऐकायला मिळेल.

वेगळी कथा सुरू होते ऑगस्ट 1955 मध्ये. कॉनी आणि डायेन ही दोन वादळं आठवड्याभराच्या अंतरानं आली आणि डेलावेअर नदीनं हाहाकार उडवला. पूर ओसरल्यावर सरकारला जे सुचतं तेच सुचलं: धरण. खाली नदीत टॉक्स आयलंड नावाचं एक चिंचोळं बेट आहे, तिथे भिंत घालायची. 1962 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मंजुरी दिली. मागे 37 मैल लांबीचा जलाशय होणार, पूर थांबणार, शहरांना पाणी मिळणार, वीज मिळणार, आणि न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या लोकांना शनिवार-रविवार होड्या हाकायला मिळणार. या शेवटच्या कलमासाठी तर 1965 मध्ये वेगळा कायदा करून जलाशयाभोवती राष्ट्रीय विहारक्षेत्रच जाहीर केलं. तळं अजून व्हायचं होतं, पण त्याचा काठ नक्की झाला होता.

मग लष्कराच्या इंजिनियर खात्याची माणसं दारोदार फिरू लागली. जमीन स्वखुशीनं विका, नाहीतर सक्तीनं संपादन. नदीच्या दोन्ही तीरांवरची हजारो माणसं उठली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतांना सरकारी दर लागला. रिकाम्या घरांपैकी बरीच पाडली. काही तेवढ्यापुरती भाड्यानं दिली, तर त्यांत लांब केसांची, फाटक्या कपड्यांची, 'निसर्गाकडे परत' जाणारी मंडळी येऊन राहिली आणि हलेचनात. 1974 मध्ये मार्शल आणि बुलडोझर पाठवून त्यांनाही काढलं. एकाच खोऱ्यातून लेनापे, शेतकरी आणि हिप्पी असे तीन प्रकारचे लोक हुसकावायचा मान थोड्याच नद्यांना मिळाला असेल.

आणि धरण? ते झालंच नाही. पायाखालचा गाळ भरवशाचा नव्हता, खर्चाचा आकडा दरवर्षी फुगत होता, व्हिएतनामच्या युद्धानं तिजोरी खरवडली होती, पर्यावरणवाले आणि विस्थापित हटून बसले होते. 1975 मध्ये खोऱ्यातल्या राज्यांचं मतदान झालं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, डेलावेअर विरुद्ध, पेनसिल्व्हेनिया एकटं बाजूनं. 1978 मध्ये नदीच्या या पट्ट्याला संरक्षण मिळालं आणि घेतलेली जमीन राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेली. मूळ मालकांकडे नाही.

आता आकडे पाहा. 1970 मध्ये वॉलपॅकची लोकसंख्या पावणेचारशेच्या आसपास होती, 1980 ला दीडशे. 1990 ला 67, 2000 ला 41, 2010 ला 16, 2020 ला 7. धरणग्रस्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं. उजनीच्या पोटात पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं आणि लोक बघायला जातात. मुळशीत 1921 पासून सेनापती बापटांबरोबर माणसं लढली, तरी शेवटी धरण झालं आणि पाणी आलं. वाईट झालं, पण निदान 'त्याच्याखाली माझं घर आहे' असं बोट दाखवायला पाणी तरी आहे. वॉलपॅकमध्ये ती सोयही नाही. न आलेल्या पाण्यासाठी गाव उठलं आणि जमीन अजून कोरडी ठणठणीत आहे.

एप्रिलच्या शेवटी तिकडे गेलो होतो. वॉलपॅक सेंटर म्हणजे एकच रस्ता, दुतर्फा लाकडी घरं, छोटं पोस्ट, चर्च. ऐतिहासिक म्हणून जपलेली ही वस्ती दुरून कॅलेंडरवरच्या चित्राइतकी देखणी दिसते. जवळ गेलं की एका घराच्या पडवीच्या फळ्या मधोमध खचलेल्या दिसतात, खिडकीच्या चौकटीचा पांढरा रंग नखानं उचलावा तसा पोपडे धरून सुटलेला. गवत मात्र नीट कापलेलं. रस्त्यानं पुढे गेल्यावर झाडीत चार दगडी पायऱ्या लागल्या. वर काहीच नाही. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना डॅफोडिलची पिवळी फुलं अगदी सरळ ओळीत. जंगलात काही सरळ ओळीत उगवत नाही. कुणीतरी बाई दोरी धरून कंद लावून गेली असणार. चिरंजीवांचं लक्ष फुलांकडे नव्हतं, त्यांना अस्वल दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही, पण या भागात माणसांहून अस्वलंच जास्त असावीत.

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, एवढ्याशा गावाला शेजारच्या गावात का टाकत नाहीत? तसं झालेलं आहे. दक्षिणेला पाहाक्वारी नावाची टाउनशिप होती, हीच धरणाची गोष्ट तिचीही. रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले तेव्हा 1997 मध्ये ती हार्डविकमध्ये विलीन झाली. विलीन झालं की कारभार स्वस्तात होतो, हे खरं. पण मला त्या तिघांच्या कमिटीचं कौतुक वाटतं. वर्षाचं बजेट मांडणं हा एका अर्थी सत्याग्रहच. ठराव केला नाही तर नकाशावरून पुसायला सगळे टपलेलेच आहेत.

गंमत म्हणजे तो सातचा आकडाही पक्का म्हणता येत नाही. लोकांची खासगी माहिती फुटू नये म्हणून 2020 च्या जनगणनेत राज्याहून लहान भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी फिरवाफिरव केली होती. नेब्रास्कातल्या मोनोवाय गावी एकच बाई राहत होत्या, मेयरही त्याच, तिथे जनगणनेनं दोन माणसं दाखवली. एडिसनच्या लाखात असे चार-दोन इकडेतिकडे झाले तर कुणाला पत्ता लागणार नाही. वॉलपॅकमध्ये मात्र खरे पाच आहेत की नऊ, यावर कमिटीच्या तिघांचं बहुमत आहे की नाही ते ठरतं.