दुभाजकातली कण्हेर

महामार्गावरून दिवसभर गाडी पळाली की संध्याकाळी शंका यायला लागते, आपण पुढं सरकलो तरी का? तोच टोलनाका, त्याच पाट्या आणि मधल्या दुभाजकात तीच पांढरी-गुलाबी कण्हेर.

ही कण्हेर निवडणारा माणूस मोठा हुशार असला पाहिजे. पाणी फारसं मागत नाही, धूर-धूळ मुकाट सोसते. दाट वाढते, त्यामुळे रात्री समोरच्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत घुसत नाही. वर विषारी, म्हणजे शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. परसात देवपूजेसाठी लावलेल्या झाडाच्या भावंडाला थेट सरकारी नोकरी लागावी, तसं झालंय तिचं.

आमच्या विदर्भातून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला टेकतो. जुने ड्रायव्हर अजून त्याला 'सात नंबर'च म्हणतात. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे आकडे बदलले. आता उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. हिशोब चोख आहे. पण वाराणसी ते कन्याकुमारी हा आपला 'सात' टपरीवरच्या गप्पांतून कोण काढणार?

प्रदेश बदलल्याची खरी खूण मिळते ती पिवळ्या डोक्याच्या किलोमीटरच्या दगडांवर. गावांची नावं एका दगडावर एका लिपीत, पुढच्यावर दुसऱ्या. महाराष्ट्रात हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे ही गंमत कळत नाही. पांढरकवडा मागे पडतं, पिंपळखुटी येते, पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण. आणि दगडावरची अक्षरं एकदम गोल गरगरीत होतात. पुढे अनंतपूर, बंगळुरू, सेलम, मदुराई. अक्षरांचं वळण पुन्हा पुन्हा बदलतं, कण्हेर तीच.

नागपुरात झिरो माइलचा वाळूच्या दगडाचा खांब आहे, शेजारी चार घोडे. पायथ्याशी जबलपूर, शिवनी, हैदराबाद, बैतूल अशा गावांची अंतरं कोरलेली, तीही मैलांत. लांब पल्ल्याचे ट्रक मात्र बाहेरच्या वळणरस्त्यानं निघून जातात. अंतर सांगणारा खांब शहराच्या पोटात आणि अंतर कापणारे शहराबाहेर, ही सोय मला अजून पटलेली नाही.

मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर चढतो. खालून जनावरांना वाट ठेवली आहे. त्यातली सगळ्यांत लांब ७५० मीटरची. वाघसुद्धा तिथून ये-जा करतात, कॅमेऱ्यांत ते टिपलेही गेलेत. वरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. अख्ख्या रस्त्यातला सगळ्यांत शहाणा तुकडा हाच, असं माझं मत.

बाकी वेळ जातो नंबरप्लेटी वाचण्यात. टीएन २८ दिसली की तमिळनाडूतलं नामक्कल. ट्रकच्या बॉड्या बांधणारं आणि अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. पीबी म्हणजे पंजाब, आरजे म्हणजे राजस्थान, इथपर्यंत ठीक. मग एनएल ०१ येते. नागालँड! आणि चालक बोलतो अस्सल हरियाणवी. तिकडची नोंदणी आणि परमिट स्वस्त पडतं, इतकंच कारण. यातल्या कित्येक ट्रकांचं नेहमीच्या फेऱ्यांत नागालँडला जाणंही होत नाही. नंबरप्लेटवरून गाव ओळखायचा माझा लहानपणापासूनचा खेळ या लोकांनी पार बिघडवून टाकलाय.