उठलो, तर सगळे गेलेले

शीतनिद्रेतून मी इतक्या वेळा उठलोय की आता त्याचं काही वाटत नाही. काचेवर धुकं, लुकलुकणारा लाल दिवा, आणि कुठलासा थंड आवाज सांगत असतो की आपत्कालीन यंत्रणा सुरू झाली आहे. मी कोण, इथे कसा आलो, काही आठवत नाही. बाहेर येऊन बघावं तर अख्खं अवकाशस्थानक सामसूम. रिकामं म्हणता येत नाही. माणसं आहेत, पण आडवी.

"परवा संपवलास ना हा गेम?" बायको मागून विचारते.

"तो वेगळा होता."

ती पडद्याकडे बघते. तोच बोळ, तोच लाल दिवा. मी गप्प बसतो, कारण तिचं चुकत नसतं.

हे सगळं साहित्य एकाच पेटीत बघायचं तर १९९४ चा 'सिस्टम शॉक' काढावा. नायक सहा महिन्यांच्या उपचारनिद्रेतून उठतो, स्थानकावरची माणसं मेलेली किंवा भलतंच काहीतरी झालेली, आणि शोडान नावाची संगणकबुद्धी स्वतःला देव समजायला लागलेली. मला गंमत वाटते ती या सामसुमीमागच्या कारणाची. हा गेम बनवणाऱ्या मंडळींच्या आधीच्या गेममध्ये पात्रांशी गप्पा मारता यायच्या, म्हणजे यादीतून वाक्य निवडायचं आणि ठोकळ्यासारख्या चेहऱ्याकडून उत्तर घ्यायचं. तेवढ्यात सगळा माहोल उतरायचा. मग त्यांनी जालीम उपाय काढला: बोलायला कुणी जिवंतच ठेवायचं नाही. गोष्ट सांगायची कामगिरी मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या नोंदींवर सोपवली. सीडीवरच्या आवृत्तीत त्या नोंदी कानांनी ऐकूही यायच्या.

तेव्हापासून अंतराळातला माणूस मरण्यापूर्वी रेकॉर्डर शोधतो. दार फोडून काहीतरी आत येतंय आणि हा गृहस्थ शांतपणे शस्त्रागाराचा कोड सांगतोय! बरं, सगळी रोजनिशी एका जागी ठेवेल तर शपथ. २००७ च्या 'बायोशॉक'मध्ये समुद्रतळाशी वसवलेलं रॅप्चर शहर आहे. तिथे एकाच माणसाचं आत्मचरित्र गोळा करायला चार मजले पालथे घालावे लागतात. (कोडचं म्हणाल तर 'सिस्टम शॉक'मधला पहिला कोड ४५१. नंतरच्या कितीतरी गेमनी ०४५१ असा तो मानाने पुढे चालवला. मी कुठल्याही बंद दारावर आधी तोच दाबून बघतो.)

हसतो, पण ऐकतो. गोळ्या संपत आलेल्या असतात, मागे काहीतरी खुरडत असतं, तरी मी कोपऱ्यात थांबून पूर्ण नोंद ऐकतो. त्यातही कोडवाल्या नोंदींपेक्षा बिनकामाच्या जास्त. कुणाची साहेबांबद्दलची कुरकुर, कुणाचा सुट्टीचा बेत, कुणी बदलीसाठी केलेला चौथा अर्ज. पुढच्या खोलीत तो अर्जवाला खुर्चीतच बसलेला सापडतो. गेमला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. मला मात्र त्याच्या खिशातल्या गोळ्या काढताना उगीच ओशाळल्यासारखं होतं. समोर उभा राहून ठरावीक चार वाक्यं बोलला असता, तर मी त्याला ओळखलंही नसतं.

अडचणीतून निघालेल्या इतर पळवाटा एवढ्या भाग्यवान नाहीत. 'मास इफेक्ट'मधली लिफ्ट मुंगीच्या चालीने वर जायची, कारण तेवढ्या वेळात यंत्र पुढचा भाग भरून घेत असायचं. सोबतचे सैनिक तिच्यात गप्पा मारायचे, म्हणून निभावायचं. 'हाफ-लाइफ'चा गॉर्डन फ्रीमन सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला डॉक्टर, पण तोंडातून शब्द नाही आणि हातात पहार. अख्ख्या शिक्षणाचा उपयोग पेट्या फोडण्यात! आणि अशा गेममधल्या, विश्वभर अवाढव्य यंत्रं उभारून नाहीशी झालेल्या त्या प्राचीन प्रजाती, त्यांच्यातल्या एकालाही वापराच्या सूचना लिहून ठेवाव्याशा वाटत नाहीत.

अपवाद एक. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'मधले नोमाई. तेही कधीचे संपलेले, पण त्यांनी भिंतींवर लिहून ठेवलंय. वळशावळशाचं लिखाण, एकाच्या वाक्याला दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटलेली. त्यात किंकाळ्या नाहीत, शस्त्रागार नाही. ते वाद घालतात, एकमेकांची थट्टा करतात, प्रयोग फसला तर चुकचुकतात. दारांना कोड लागत नाही. त्यांचं बोलणं नीट समजलं की वाट आपोआप दिसते. फक्त वेळ बेताचा. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण पुन्हा पहिल्या जागी, शेकोटीपाशी, डोळे उघडतो.

काल रात्री एका भिंतीचा शेवटचा वळसा वाचायचा राहिला होता आणि खिडकीतला उजेड निळा झाला. पडदा पांढरा पडला. पुन्हा शेकोटी, वर तेच आभाळ.

"आता झोपतोस ना?" मागून आवाज आला.

म्हटलं, "बावीस मिनिटं."